कापा की, डॉक्टरीणबाई

चंदीगडला मी ज्या घरात भाड्याने राहत होते तिथे नुसतं वेळेवर भाडं देऊन भागत नसे. दर रविवारी सकाळी नाश्ता झाला की खाली जायचं, अंगणात उभं राहायचं आणि घरमालकांना कापून काढायचं, अशीही एक अट होती. करारपत्रात ती कुठेच नव्हती. असती तर मी आमच्या हॉस्टेलमध्येच ढेकणांच्या सोबतीने सुखाने राहिले असते.

'कापून काढणं' म्हणजे काय ते सांगते. काका, म्हणजे आमचे घरमालक, अंगणाच्या मधोमध ताठ उभे असत. अंगात स्वेटर, डोक्याला माकडटोपी आणि स्वेटरवरून समुद्रात बुड्या मारणारे पाणबुडे घालतात तो हार्नेस. दोन्ही खांद्यांवरून, कमरेभोवती आणि दोन पायांमधून जाणाऱ्या काळ्या नायलॉनच्या रुंद पट्ट्या, पाठीला स्टीलची पाटी, आणि त्या पाटीला सिलिंडरांच्या जागी वाळूने गच्च भरलेल्या दोन पिशव्या. माझ्या हातांत लोकरीचे हातमोजे, तेही बादलीतल्या गार पाण्यात बुडवून काढलेले. त्या भिजल्या हातात एक छोटंसं हत्यार, आतल्या बाजूला पातं असलेलं. त्याने खांद्यावरची पट्टी कापायची आणि काकांना त्या जोखडातून मोकळं करायचं. मी पातं पट्टीखाली सरकवायला लागले रे लागले की काका माझ्या कानाशी ओरडायला सुरुवात करत.

"कापा की, डॉक्टरीणबाई. बगत काय बसलाय? मानूस चाललाय हितं. कापा की."

भिंतीपलीकडच्या पंजाबी आंटी स्वेटर विणता विणता हे सगळं पाहत. पहिल्या हिवाळ्यात त्यांनी मला गेटपाशी गाठून विचारलं होतं, "अंकलजी दी तबीयत ठीक है ना?" मी म्हटलं, ठीक आहे. काकांचा रक्तदाब खरोखरच माझ्यापेक्षा चांगला होता.

घर बघायला गेले तेव्हा काकांनी माझं गाव, शिक्षण, लग्न यातलं काही म्हणता काही विचारलं नाही. "हात फुडं करा," म्हणाले. मी केले. ते बराच वेळ त्यांनी निरखून पाहिले आणि त्यांचा चेहरा पडला. "ह्ये हात हालतच न्हाईत गं," असं त्यांनी काकूंना सांगितलं. मी तिथल्या मोठ्या वैद्यकीय संस्थेत भूलशास्त्र शिकत होते. हात न हलणं हेच माझं पोट भरायचं साधन होतं आणि त्याबद्दल नाराज होणारा माणूस मला पहिल्यांदाच भेटत होता. आधीचा भाडेकरू बँकेत होता. त्याचे हात म्हणे हत्यार बघूनच लटलट कापत. फार गुणाचा माणूस, त्याची बदली झाली. शेवटी काकूच म्हणाल्या, "मराठी मुलगी आहे, राहू दे की. हात तुम्ही हलवालच, ओरडून ओरडून." अशा रीतीने मला अडतीस सेक्टरमध्ये पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्या मिळाल्या.

काका सांगलीकडचे. हवाई दलातून वॉरंट ऑफिसर म्हणून निवृत्त झाले आणि इथेच राहिले. इथल्या फौजी मराठी माणसांचं असं पुष्कळदा होतं. पोस्टिंग संपतं, पण मुलांची शाळा, कोपऱ्यावरचा भाजीवाला आणि हिवाळ्यातलं ऊन सुटत नाही. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी हवाई छत्र्यांचे पट्टे तपासण्यात घालवली होती. पट्टा तपासताना ते डोळे मिटत आणि बोटांच्या पोटांनी शिवणीवरून हळूहळू पुढे जात. पोथी वाचणारा माणूस ओळीवरून बोट फिरवतो, तसं. ही सवय निवृत्तीनंतरही गेली नाही. घरी कोणी आलं की आधी त्याच्या पिशवीचा बंद ओढून बघायचे. कोणी गाडी घेऊन आलं तर पाहुणा आत चहा पीत असे आणि काका त्याच्या गाडीत बसून सीटबेल्टला हिसके देत असत. माझी नवी पर्स त्यांनी हातात घेतली, एकदा ताणली आणि म्हणाले, "दिवाळी बघायची न्हाई." तिने दसराही बघितला नाही.

समुद्र जिथून रेल्वेने दीड दिवस लांब आहे, त्या गावात राहून हा माणूस पाणबुड्यांचे पट्टे शिवत होता. मागच्या खोलीत चामडं शिवायचं जुनं जड मशीन होतं. सकाळी ते सुरू झालं की माझ्या खोलीतल्या खिडकीची काच बारीक थरथरायची. काकू त्या खोलीला 'ती खोली' म्हणत आणि झाडू मारायलासुद्धा आत जात नसत. "त्यांचा धंदा आहे तो," एवढंच सांगत. धंदा म्हणावा तर मी तिथे असेपर्यंत एकही हार्नेस विकला गेलेला मला माहीत नाही.

नवा हार्नेस शिवून झाला की काका तो घालून पहाटे सुखना तलावावर फिरायला जात. वाळूच्या पिशव्यांसकट. धुक्यातून असा माणूस समोर आला की भलेभले बाजूला होत. एकदा एका हवालदाराने त्यांना अडवलं आणि पिशव्यांत काय आहे विचारलं. काकांनी त्याला बाकावर बसवलं, पिशव्या उघडून वाळू दाखवली आणि मग त्याच्याच कमरेच्या पट्ट्याचं बक्कल चुकीच्या जागी कसं आहे यावर अर्धा तास घेतला. हवालदार पुढे त्यांना रोज सलाम ठोकायचा. मी एकदा विचारलं, काका, हे घालून एवढं चालायचं कशाला? घरात घालून बघितलं तर नाही का चालत?

"घालताना समदे पट्टे मऊच लागत्यात," काका म्हणाले. "चार पावलं चाललं की मग पट्टा रंग दाखवतो. दुखतंय ते मानूस सोसतो, डॉक्टरीणबाई. टोचतंय ते सोसत न्हाई. टोचाय लागलं की तो पट्टा सैल करतो. आनि पान्यात सैल पट्टा मानसाला उताना पाडतोय."

त्यांच्या खांद्यांवर गळ्याच्या बाजूला दोन काळपट घट्टे पडले होते. उन्हाळ्यात बनियनवर बसले की ते दिसत. पट्टी कुठे दोन बोटं आत घ्यायची, कुठे कडेची शिवण उलटी घालायची, हे सगळं त्यांनी त्या घट्ट्यांवरून काढलं होतं. मला हे सगळं विनोदी वाटायचं. वॉर्डात मी नक्कल करून दाखवायचे आणि बरोबरचे पोट धरून हसायचे.

मग एका जानेवारीत काका तलावावर गेलेले असताना काकूंनी मला वाटाणे सोलायला बसवलं आणि सगळं सांगितलं.

त्यांना एक मुलगा होता, आदी. चंदीगडमध्येच वाढलेला, मराठी सगळं समजायचं, पण उत्तर हिंदीत द्यायचा. मोहालीत एका कंपनीत नोकरीला होता. मित्रांबरोबर अंदमानला गेला, तिथे पाण्याखाली उतरायला शिकला आणि त्याला त्या गोष्टीचं वेडच लागलं. पुढे पुढे तो साध्या डुबकीवर थांबेना. खूप खोल, जास्तीचे सिलिंडर घेऊन, बुडालेल्या जहाजांच्या आत शिरायचं, जिथून मनात आलं की सरळ वर येता येत नाही, टप्प्याटप्प्यानेच यावं लागतं, असल्या डुबक्या सुरू झाल्या. त्याच्याबरोबर नेहमी जसप्रीत असे, शाळेपासूनचा मित्र. काकूंना पोहताही येत नाही. त्या फक्त त्याच्या ओल्या कपड्यांचा वास घेऊन कुठल्या समुद्रावरून आला ते ओळखायच्या.

एकदा आदी कुरकुरत आला की विकतचा हार्नेस खांद्याला काचतो, कडेने कातडं सोलतो. काकूंच्या म्हणण्याप्रमाणे काकांना इतका आनंद बढती मिळाल्यावरसुद्धा झाला नव्हता. पोरगा कॉम्प्युटरमधला, बापाला त्यातलं ओ की ठो कळत नाही. आणि आता पोराला नेमकी तीच गोष्ट हवी होती जी बापाला साऱ्या जगापेक्षा जास्त येत होती. काका मशीन घेऊन आले. आदीने सांगितलं, खांद्यावर बक्कल नको, अखंड एकच लांब पट्टी हवी. त्या लोकांचा तसा पंथच आहे म्हणे: जितके जोड, तितक्या तुटायच्या जागा. काकांना हे लगेच पटलं. पट्टी अखंड घेतली. खांद्यावर मऊ गादी शिवली, काचू नये म्हणून. आणि त्या गादीच्या आत, कोणी न सांगता, आपल्या मनाने, पिवळ्या धाग्याचं विणलेलं एक अस्तर घातलं. बुलेटप्रूफ जाकिटात घालतात तो धागा. जहाजाचा गंजका पत्रा लागला तरी पट्टी तुटू नये म्हणून.

"इथेच, या अंगणात," काकू म्हणाल्या. "आदीच्या हातात माझी सुरी दिली आणि म्हणाले, काप. त्याने घासघास घासली. सुरीची धार गेली. दोघं बापलेक इतके हसले त्या दिवशी."

हवेत पट्टा तुटला की माणूस गेला. काकांनी आयुष्यभर एवढंच पाहिलेलं होतं. पाण्यात मात्र माणूस वर येऊन निपचित पडला तर त्याला होडीत ओढायला आधी पाठीवरचं ओझं उतरवावं लागतं, आणि त्यासाठी खांद्यावरची पट्टी कापतात. हे काकांना ठाऊक नव्हतं. आदीला ठाऊक असणारच. पण बापाने जीव ओतून शिवलेली वस्तू, तिला नाव कोण ठेवणार?

थायलंडच्या समुद्रात आदी एका जहाजावरून वर आला आणि त्याचे हातपाय चालेनात. खोलवर रक्तात मुरलेल्या वायूचे बुडबुडे होतात, ते मणक्यात अडकले तर असं होतं. त्याला लगेच होडीत घेऊन ऑक्सिजन लावायला हवा होता. पाणी उसळत होतं, होडीचा काठ उंच, आणि पाठीवर ते सगळं लोखंड. जसप्रीतने पाण्यातच पट्टी कापायला घेतली. ती कापली जाईना. शेवटी त्याने आदीचा हात मुरगाळून पट्टीतून उपसून काढला. होडीत घेतलं तेव्हा आदी गेलेला होता. हे सगळं होडीवरच्या दुसऱ्या कोणी तरी लिहून कळवलं. जसप्रीत फोनवर फक्त म्हणाला, "अंकल, सब बहुत जल्दी हुआ." आणि मग त्याने फोन घेणंच बंद केलं.

आदीच्या सामानाचं पार्सल नंतर आलं. काका बाहेर गेले होते, काकूंनी उघडलं. हार्नेस होता. डाव्या खांद्यावरची गादी आणि काळी पट्टी कापून कापून चिंध्या झाली होती आणि त्याखालचं पिवळं अस्तर जसंच्या तसं होतं.

"एक धागा सुटला नव्हता गं," काकू म्हणाल्या. त्यांनी पार्सल पुन्हा होतं तसं चिकटवून ठेवलं. संध्याकाळी काका ते घेऊन त्या खोलीत गेले, दार लावलं, आणि बाहेर आल्यावर म्हणाले, कपडे आलेत नुसते, पट्टा तिकडंच राहिला. काकू हो म्हणाल्या. त्या दिवसापासून नवरा समजतो बायकोला माहीत नाही, आणि बायको ते तसंच राहू देते. दुसऱ्या आठवड्यात मशीन पुन्हा सुरू झालं.

मी वाटाण्यांची टोपली मांडीवर घेऊन बसून राहिले. वॉर्डात मी जी नक्कल करायचे ती त्यानंतर केली नाही.

काकांना आता एक असा हार्नेस शिवायचा होता जो वर्षानुवर्षं टिकेल, खांद्याला काचणार नाही, आणि वेळ आली की गारठलेल्या, घाबरलेल्या माणसाच्या हातूनही एका ओढीत कापला जाईल. या तीन गोष्टी एकमेकींच्या वैरिणी आहेत. मऊपणासाठी गादी घातली की पातं अडकतं. टिकाऊपणासाठी पट्टी जाड केली की पातं घसरतं. पातळ केली की लवकर झिजते. काका शिवत, सुखनावर जात, रविवारी भाडेकरूकडून कापून घेत आणि सोमवारी पुन्हा शिवायला बसत. "पट्ट्याची कामं दोन," ते म्हणायचे. "धरायचं आनि सोडायचं. मला पयलंच येत हुतं."

हे सगळं करून त्यांना जे हवं होतं ते मात्र मशीनवर मिळण्यासारखं नव्हतं. जसप्रीत पट्टी कापत होता तेव्हा आदी जिवंत होता का? आधीच गेलेला असेल तर पट्टी कापली गेली काय आणि न गेली काय, सारखंच. तिकडच्या डॉक्टरांच्या कागदावर कारण लिहिलेलं होतं, वेळ नव्हती. ते सांगू शकणारा जगात एकच माणूस होता आणि तो फोन घेत नव्हता. एका रविवारी मी त्यांना कापून मोकळं केल्यावर काका वाळूच्या पिशव्या सोडता सोडता सहज विचारल्यासारखं म्हणाले, "तुमच्या टेबलावर मानूस जातो, तवा नेमका कवा गेला ते कळतंय?"

"कधी कळतं," मी म्हटलं. "कधी नाही कळत, काका."

"न कळल्यालं बरं असंल," ते म्हणाले. मी हातमोजे पिळले. ते पुन्हा स्वतःशीच म्हणाले, "न्हाई. बरं न्हाई."

माझ्या तिथल्या तिसऱ्या वर्षी त्यांना तोडगा सापडला. पट्टी अखंडच, चांगली जाड. पण दोन्ही खांद्यांवर, छातीच्या जरा वर, चार बोटं जागा त्यांनी मोकळी ठेवली. तिथे गादी नाही, अस्तर नाही, एकेरी पट्टी, आणि भोवती लाल धाग्याची शिवण, म्हणजे पाण्यातही दिसावं, कापायचं ते इथे. वजन दोन्हीकडच्या गाद्यांवर येईल असं केल्यामुळे त्या चार बोटांवर झीज पडत नव्हती. बर्फाच्या पाण्यातले हातमोजे घालून मी ती पहिल्यांदा कापली तेव्हा काकांना ओरडायलासुद्धा वेळ मिळाला नाही.

महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत त्यांनी तो नेला. आरती झाल्यावर, प्रसादाच्या रांगेत, मंडळाच्या अध्यक्षांना, एका निवृत्त कर्नलना, त्यांनी हातमोजे दिले आणि म्हणाले, "साहेब, कापा." कर्नलसाहेब सभ्य होते, त्यांनी कापलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कोणाला काही कळलं नव्हतं. एक बाई माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, मुलगा गेल्यापासून यांचं असं झालंय, तुमच्या हॉस्पिटलात दाखवून का घेत नाही? त्या वर्षी कोजागिरीचं बोलावणं एकट्या काकूंच्या नावाने आलं.

दिल्लीहून पाणबुड्यांचं सामान विकणारा एक दुकानदारही येऊन गेला. हार्नेस त्याला आवडला. खांद्यावर घालून त्याने अंगणात चकरा मारल्या, म्हणाला, असा आराम विलायती मालातही नाही. मग लाल शिवणीवर बोट ठेवून विचारलं, हे काय? काकांनी सांगितलं. त्याने हार्नेस उतरवून ठेवला. "अंकलजी, कस्टमर को मैं बोलता हूँ, टूटेगा नहीं. आप तो लाल धागे से लिखके दे रहे हो कि कहाँ से टूटेगा." काकांनी त्याला लाल शिवण काढून द्यायला नकार दिला. दुकानदार गेल्यावर मात्र ते मला म्हणाले, "त्याचंबी चूक न्हाई. मी तरी कुटं घेतला असता?"

जसप्रीत आला तो माझ्या शेवटच्या हिवाळ्यात, एका रविवारी. काकांनी हार्नेस चढवलेला होता, मी बादलीत हात घातलेला होता आणि काकू उन्हात गाजरं किसत होत्या. गेट वाजलं. उंच, दाढीत पांढरा केस दिसायला लागलेला सरदार, हातात मिठाईचा डबा. तो कायमचा कॅनडाला चालला होता. जायच्या आधी आला होता. त्याने वाकून काकूंच्या पायांना हात लावला. काकांच्या पायांना हात लावायला वाकला आणि त्यांच्या अंगावर काय आहे ते बघून तसाच वाकलेला राहिला.

"बैठो," काका म्हणाले. "नहीं, रुको. पहले ये काटो."

मी हातमोजे काढून हत्यारासकट दिले. जसप्रीतने ते घातले. पाणी त्याच्या मनगटांवरून कोटाच्या बाहीत गेलं, त्याने लक्ष दिलं नाही. काका त्या दिवशी ओरडले नाहीत. मान जराशी वळवून त्यांनी डावा खांदा पुढे केला. जसप्रीतने लाल शिवणीखाली पातं सरकवलं आणि ओढलं. पट्टी सुटली, वाळूची पिशवी एका अंगाला झुकली. बस, एवढंच.

जसप्रीत पट्टीचं कापलेलं टोक हातात धरून बघत राहिला.

"इतना ही?" तो म्हणाला. "इतना ही था, अंकल?" आणि पायरीवर बसून रडायला लागला. मी रोज रडणारी माणसं बघते, पण एवढा मोठा माणूस ओले हातमोजे तोंडाशी धरून रडताना मी पाहिला नव्हता. मला तिथून निघून जावंसं वाटत होतं.

काका काकूंकडे वळले. "जरा च्या टाक जा."

"चहा झालाय," काकू म्हणाल्या. जागच्या हलल्या नाहीत. "बोलू दे त्याला."

काका क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी जसप्रीतला विचारलं. इतकी वर्षं ज्या प्रश्नासाठी थांबले होते, तो त्यांनी सरळ, हवाई दलातल्या हिंदीत, रिपोर्ट मागावा तसा विचारला. "तुम काट रहे थे, तब वो था क्या?"

जसप्रीतने मान हलवली. हो.

"पक्का?"

"बात कर रहा था, अंकल." त्याने हातमोजे काढून गुडघ्यावर ठेवले. "हाथ-पैर नहीं चल रहे थे, पर बोल रहा था. मैं काट रहा था, कट नहीं रहा था, मैं गालियाँ दे रहा था. आपको भी दी, अंकल. मुझे मालूम नहीं था अंदर क्या है. उसने बोला, रहने दे यार, पापा ने बनाया है. नहीं कटेगा."

भिंतीपलीकडे आंटींच्या घरी कुकरची शिट्टी झाली.

"किस तरह बोला?" काकांनी विचारलं. "गुस्से में?"

"नहीं अंकल. हँस रहा था. थोड़ा सा." जसप्रीत म्हणाला. "उसके बाद नहीं बोला."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. अर्धा हार्नेस अजून उजव्या खांद्यावर होता आणि त्याच्या ओझ्याने ते एका बाजूला कलले होते. "डॉक्टरीणबाई. बोलत हुता म्हंजे हुता. न्हवं?"

मला खोटं बोलता आलं असतं. आम्हाला ते चांगलं जमतं, नातेवाइकांशी आम्ही रोज बोलतो. पण या माणसाने पट्टीच्या एकेका धाग्याला खरं काय ते विचारलं होतं.

"हो काका," मी म्हटलं. "होता."

त्यांनी मान डोलावली. काकू उठल्या, काकांच्या मागे गेल्या आणि उजव्या खांद्यावरची पट्टी धरून त्यांचा हात बाहेर काढायला लागल्या. काकांचा खांदा आखडला होता, हात वर जाईना. त्या आधी कोपर, मग मनगट असं करत सावकाश काढत राहिल्या. मागे उभ्या राहूनच म्हणाल्या, "तो पट्टा मी बघितलाय. पार्सल आलं त्याच दिवशी."

काकांनी समोर बघतच विचारलं, "मग बोलली का न्हाईस?"

"तुम्ही शिवायला बसला होता," काकू म्हणाल्या.

जसप्रीत जेवून गेला. काकूंनी त्याच्याबरोबर गाजराचा हलवा बांधून दिला. तो गेटबाहेर पडताना काकांनी त्याचा हात बराच वेळ हातात धरून ठेवला होता. त्या हाताकडे ते बघत होते, जसं पहिल्या दिवशी माझ्या हातांकडे पाहिलं होतं.

सोमवारी माझ्या खिडकीची काच थरथरली नाही. मंगळवारीही नाही. रविवारी मी हातमोजे घेऊन खाली गेले तर काका साध्या स्वेटरमध्ये उन्हात खुर्ची टाकून बसले होते. केस विंचरलेले, टोपी नाही. खांदे मोकळे होते आणि एकाएकी फार लहान दिसत होते. मी बादली भरायला नळाकडे वळले तेव्हा ते म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, डॉक्टरीणबाई. झालं ते काम." आवाजात राग नव्हता, दुःखही नव्हतं. शेजारच्या आंटींनी भिंतीवरून डोकावून मला खूण केली, अंकलजी आता बरे दिसतात. मी हो म्हटलं.

मार्चमध्ये माझं शिक्षण संपलं आणि मी नाशिकला परत आले. तोवर जितके रविवार होते तितके रविवार मी खाली जात राहिले. काका उन्हात बसलेले असत. मी काही विचारलं तर शहाण्या माणसासारखं नेमकं उत्तर देत आणि पुन्हा गप्प होत. त्या अंगणात मी मनातल्या मनात एकच मागणं मागत असे. माझा देवावर फारसा विश्वास नाही, तरी मागत असे. या माणसाला पुन्हा वेडा कर.